पहिलं कोण उडालं ते राहू द्या, पहिलं कोण वळलं ते बोला

होटगीनाका (धागाकर्ता)

गोव्याचं विमान सुरू झालं, पाठोपाठ मुंबईचं, आणि तेव्हापासून सोलापुरातल्या प्रत्येक चहाच्या गाड्यावर एकेक विमानतज्ज्ञ बसलेला असतो. ऐकायला मजा येते. पण गप्पा शेवटी एकाच खुंटीवर अडकतात: पहिलं विमान कुणाचं? एकजण राइट बंधू म्हणतो, दुसरा चौपाटीचे तळपदे म्हणतो, तिसऱ्याला यूट्यूबवर ब्राझीलचा कुणीतरी सापडलेला असतो. मला हा वाद मुळातच फसवा वाटतो. नुसतं हवेत जाणं तेव्हाही जमत होतं. हवेत गेल्यावर आपल्या मर्जीनं वळणं आणि धडपणे खाली येणं जमत नव्हतं. तो गुंता कुणी सोडवला असं विचारलं की निम्मे दावेदार आपोआप गळतात.

इंग्लंडच्या जॉर्ज केलीनं १७९९ मध्येच चांदीच्या एका चकतीवर पंखावरची बलं कोरून ठेवली होती. जर्मनीच्या ओटो लिलिएंथालनं टेकड्यांवरून सुमारे दोन हजार उड्डाणं केली, तीही इंजिनाशिवाय. तोल सावरायला त्याच्याकडे स्वतःच्या शरीराशिवाय काही नव्हतं. पाय इकडे झुलवायचे, तिकडे झुलवायचे. ऑगस्ट १८९६ मध्ये तो सुमारे १५ मीटरवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. अमेरिकेत सॅम्युअल लँग्लीकडे सरकारचे ५०,००० डॉलर होते आणि ५२ अश्वशक्तीचं झकास इंजिन होतं. ८ डिसेंबर १९०३ ला त्याचं यंत्र दुसऱ्यांदा पोटोमॅक नदीत पडलं. त्यानंतर नऊ दिवसांनी राइट बंधू १२ अश्वशक्तीवर उडाले! म्हणजे ताकदीचा प्रश्न नव्हताच.

राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं, आणि मला वाटतं सगळं इंगित तिथेच आहे. सायकल स्वतःहून उभी राहत नाही, चालवणारा तिला क्षणाक्षणाला सावरत असतो. बाकीचे लोक आपोआप तोल राखणारं विमान शोधत बसले होते. या दोघांनी डळमळीत विमान पत्करलं आणि सावरायची सोय चालवणाऱ्याच्या हातात दिली. १८९९ मध्ये त्यांनी आधी पतंग बनवला, पंखांची टोकं दोऱ्यांनी पिळून तो कलतो का ते बघायला. १९०१ चं ग्लायडर हिशेबापेक्षा बरीच कमी उचल (पंखाला वर ढकलणारं बल) देऊ लागलं, तेव्हा त्यांनी आधीच्यांचे छापील आकडे बाजूला ठेवले, सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा लावला आणि आत पंखांचे छोटे छोटे नमुने ठेवून दोनशेच्या आसपास आकार स्वतः मोजले.

१९०२ मध्ये शेवटची गाठ सुटली. पंख पिळला की जो पंख वर जायचा त्याला हवा जास्त मागेही ओढायची, त्यामुळे वळायचं एकीकडे आणि नाक जायचं दुसरीकडे. त्यावर त्यांनी मागचा उभा सुकाणू हलता केला. माझ्या मते विमान जन्मलं ते त्या बिनइंजिनाच्या ग्लायडरवर. पुढच्या वर्षी त्याला फक्त इंजिन आणि पंखे बसले. त्यांचं पेटंटसुद्धा (अर्ज मार्च १९०३, मंजुरी मे १९०६) इंजिनाचं नाही, नियंत्रणाचं आहे. २० सप्टेंबर १९०४ ला दोघांपैकी विल्बरनं हवेत पहिला पूर्ण गोल मारला. ५ ऑक्टोबर १९०५ ला ३९ मिनिटांत ३९ किलोमीटर, एकाच माळरानावर गोल गोल.

आता बोला.

शेंगाचटणी

मालक, लेख भारी. पण एवढं सगळं वाचून मूळ शंका तशीच. एवढं लोखंड वर राहतं कसं? आम्हाला शाळेत शिकवलेलं की पंखाची वरची बाजू फुगीर असते, वरच्या हवेला लांबचा रस्ता असतो, म्हणून ती पळत जाते, म्हणून वर दाब कमी. बरोबर का ओ?

सार्जंटकाका

लोखंड नसतं, ॲल्युमिनियम असतं. ते असो. आयुष्याची वीस वर्षं हवाई दलाच्या हँगरमध्ये काढली म्हणून तोंड उघडतो.

दाब कमी असतो हे खरं, कारण चुकलं. वरच्या हवेनं खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागच्या कडेला पोचलंच पाहिजे, हा नियम कुणी केला? चाचणीच्या बोगद्यात धूर सोडून बघतात, तेव्हा वरची हवा खालच्या हवेच्या चांगलीच आधी पोचलेली दिसते. आणि फुगीरपणाच सगळं करत असता तर कसरतीची विमानं उलटी उडालीच नसती.

पंख थोडा नाक वर करून हवेत घुसतो. हवा त्याच्या पाठीला धरून वळते आणि मागून सुटताना खाली ढकलली जाते. पंखानं हवा खाली ढकलली की हवा पंखाला वर ढकलणार, न्यूटनचा तिसरा नियम. याचाच हिशेब दाबानं मांडला तर वर कमी, खाली जास्त. काही लोक न्यूटन की बर्नूली (वेग वाढला की दाब उतरतो म्हणणारा) म्हणून भांडत बसतात. दोन्ही वह्यांत रक्कम एकच आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत कधी वळवाचा वारा सुटलेला बघितलाय? शेडचा पत्रा आत दबत नाही, उचकटून वर उडतो. छपरावरून चढून जाताना वारा वळतो, वेग घेतो, वरचा दाब उतरतो आणि आतली हवा पत्र्याला खालून रेटते. पंख तेच करतो, पण चालवणारा म्हणेल तेवढंच.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. आणि नाक वर करत गेलं की उचल वाढते, पण साधारण १५-१६ अंशांपर्यंतच. त्यापुढे हवा पंखाची पाठ सोडते आणि उचल ढासळते. याला स्टॉल म्हणतात. गाडीचं इंजिन बंद पडतं तसला स्टॉल नव्हे, इंजिन जोरात चालू असतानाही विमान स्टॉल होतं. उपाय एकच, नाक खाली करा. जमीन जवळ येत असताना नाक खाली करायला छाती लागते. लिलिएंथाल गेला तो यातच. नाक वर, वेग संपला, आणि पाय झुलवून नाक खाली येईना.

चाटीगल्ली

सगळं ठीक, पण आपल्या माणसाला एका वाक्यात उडवून लावलंत. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं होतं. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. इंग्रजांनी दाबलं सगळं.

होटगीनाका

चाटीगल्ली, तळपदे होते, हुशार होते, त्यांनी प्रयोग केले, हे कोण नाकारतंय? पण १५०० फूट वर गेलं आणि पडलं, या गोष्टीला त्या काळचा मोजमापाचा कागद, आराखडा, फोटो यांपैकी काही कुणी समोर ठेवलेलं नाही. आणि ज्या वैमानिक शास्त्राचा आधार दिला जातो, त्याची १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी नीट छाननी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातल्या आराखड्यांप्रमाणे बनवलेलं काहीही उडू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

तरी क्षणभर धरून चालू की गेलं वर. माझा प्रश्न तोच राहतो: वळलं का? कुणी बसलं होतं का? सुखरूप उतरलं का? ब्राझीलच्या सांतोस-द्युमाँलाही हाच प्रश्न. त्यानं पॅरिसमध्ये नोव्हेंबर १९०६ ला भर गर्दीसमोर २२० मीटर उड्डाण केलं, यात शंका नाही. पण तोवर विल्बरचे अर्ध्या तासाचे गोल मारून वर्ष उलटलं होतं.

चाटीगल्ली

म्हणजे पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही. वा.

संपादक मंडळ

तळपदे या विषयावर जुने चार धागे आहेत, तिथे जावे. इथे विमानावर बोलावे.

माहेरवाशीण

काका, पत्र्याचं उदाहरण आवडलं. आमच्या घरात वेगळाच वाद आहे. बाबा म्हणतात, गरम हवा वर जाते, म्हणजे सोलापूरच्या उन्हाळ्यात विमानाला आयतीच मदत. भाऊ म्हणतो उलट. मी पुण्याहून फोनवर दोघांचं ऐकते. निकाल द्या.

सार्जंटकाका

भाऊ जिंकला ताई. बाबांना सांगा, गरम हवा वर जाते ती भोवतालच्या गार हवेच्या मानानं. फुग्याला ते चालतं, कारण गरम हवा फुग्याच्या आत आणि गार हवा बाहेर. विमानाच्या आजूबाजूची अख्खी हवाच तापली तर ती फक्त विरळ होते. पंखाला ढकलायला हवा कमी, पंख्याला पकडायला कमी, इंजिनाला जाळायलाही कमी. तिन्हीकडून मार.

आता सोलापूरचा हिशेब मांडू. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून १५८४ फुटांवर. प्रमाण हवा म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश आणि दर हजार फुटांना साधारण २ अंश कमी. म्हणजे आपल्या उंचीवर पुस्तकाप्रमाणे १२ अंश हवेत. मे महिन्यात दुपारी असतात ४३. जादा झाले ३१. प्रत्येक जादा अंशाला हवा सुमारे १२० फूट आणखी उंचावरची असल्यासारखी विरळ धरायची: ३७०० फूट. एकूण ५३०० फूट. महाबळेश्वर आहे साडेचार हजारांच्या आसपास. म्हणजे विमान उभं होटगी रोडला आणि त्याला मिळणारी हवा महाबळेश्वरच्याही वरची! फक्त गारवा नाही.

म्हणून धावपट्टी जास्त लागते. एटीआर-७२ जातीच्या प्रवासी विमानाला भरल्या वजनानं, समुद्रसपाटीला, १५ अंशांत सुमारे १३०० मीटर पुरतात असं बनवणारे सांगतात. आपली धावपट्टी २१०० मीटरची. कागदावर ऐसपैस वाटते, मेच्या दुपारी तेवढी वाटत नाही.

शेंगाचटणी

आई गं. बसल्या जागी महाबळेश्वर. आता घामाघूम झालो तरी तक्रार करणार नाही.

जुनीमिल

विषय निघालाच आहे म्हणून. जेआरडी टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला १० फेब्रुवारी १९२९ ला. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला इंधन भरलं आणि जुहूला उतरले. एका इंजिनाचं पस मॉथ विमान, रेडिओ नाही. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. आपली मुंबई सेवा सुरू झाली तीही १५ ऑक्टोबरला, २०२५ च्या. जुहूहून मद्रासला जायचं म्हणजे सोलापूरवरूनच गेलं असणार ना ते टपाल? रेल्वे तर इथूनच जाते.

नकाशेवाला

रेल्वे जाते, पण जुहू ते बेल्लारी सरळ रेषा मारा. ती खटाव-वडूजवरून जाते. आपण तिच्या पूर्वेला दीडशे किलोमीटरच्या वर.

जुनीमिल

घ्या. म्हणजे हाही मान सातारा जिल्ह्याला.

कडकभाकरी

पण रेडिओ नाही, जीपीएस नाही, मग वाट सापडायची कशी? वर काय पाट्या लावल्यात का बे?

नकाशेवाला

माझा आवडता भाग आला. निवृत्त भूगोल शिक्षक आहे, जरा लांबेल, सहन करा.

सुरुवातीचे वैमानिक खाली बघून जायचे. नदी, रूळ, तलाव. पस मॉथच्या काळातही मुख्य भिस्त यावरच आणि होकायंत्र-घड्याळावर. दिशा ठाऊक, वेग ठाऊक, किती वेळ उडालो ते ठाऊक, म्हणजे कुठे असायला हवं ते काढता येतं. याला डेड रेकनिंग म्हणतात. जहाजवाल्यांकडून आलेली जुनी विद्या. १९२७ मध्ये लिंडबर्ग न्यूयॉर्क ते पॅरिस एकटा साडेतेहतीस तास उडाला तो याच हिशेबावर. अटलांटिक ओलांडून आयर्लंडचा किनारा दिसला तेव्हा ठरलेल्या वाटेपासून पाचेक किलोमीटरच इकडेतिकडे होता.

गोम आहे वाऱ्यात. विमान हवेत उडतं, आणि हवा स्वतः जमिनीवरून सरकत असते. राइटांचंच घ्या. १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण १२ सेकंदांत १२० फूट. म्हणजे ताशी ११ किलोमीटर, सायकलवाला मागे टाकेल. पण समोरून ताशी चाळीसच्या आसपास वारा होता, त्यामुळे पंखाला मिळत होते पन्नासच्या घरात. पंखाला जमिनीशी देणंघेणं नाही. वैमानिकाला मात्र आहे, त्याला मुंबईला पोचायचंय.

आता सोलापूर ते मुंबई. सरळ रेषेत ३६० किलोमीटर, म्हणजे १९५ नॉटिकल मैल. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे २९७ अंश, साधारण वायव्येच्या जरा पश्चिमेला. रेषा उजनीच्या भिंतीजवळून, बारामतीच्या उत्तरेनं, आळंदीच्या बाजूनं घाटाकडे जाते. पस मॉथसारखं १०० नॉटचं विमान घेऊ (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल). वारा नसेल तर १ तास ५७ मिनिटं.

पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून. धरा २४० अंशांकडून २० नॉट. तुम्ही हट्टानं नाक २९७ वर धरून ठेवलंत, तर या वेळात वारा तुम्हाला ३९ नॉटिकल मैल, म्हणजे ७२ किलोमीटर, ईशान्येला ढकलेल. घड्याळ बघून खाली उतरायला जाल तर खाली समुद्र नाही, शहापूर-भातसा धरणाचा परिसर. आणि पावसाळ्यात ढगातून शहापूरला खाली येणं म्हणजे सह्याद्रीत घुसणं. गंमत नाही ही.

म्हणून नाक सुमारे १० अंश वाऱ्याकडे, म्हणजे २८७ वर ठेवायचं. विमान तिरकं दिसेल, जाईल सरळ. जमिनीवरचा वेग मात्र ८८ नॉटवर येतो आणि वेळ २ तास १३ मिनिटं होते. त्या जादा सोळा मिनिटांचं इंधन भरलंय का, हे निघण्याआधी बघायचं.

वारा सांगितल्याप्रमाणेच असेल याची खात्री नाही, म्हणून खुणा. अर्ध्या तासानं उजनीची भिंत खाली यायला हवी. ती डाव्या हाताला पंधरा-वीस किलोमीटरवर दिसली तर समजा, वाऱ्याचा हिशेब चुकला. वैमानिकांचा तोंडी आडाखा असा: ६० मैलांवर १ मैल बाजूला गेलात तर चूक १ अंशाची. कागद-पेन्सिल नको.

कडकभाकरी

सर, शाळेत असं शिकवलं असतं तर आम्ही भूगोलात पास झालो असतो.

माहेरवाशीण

आतापर्यंतच्या प्रतिसादांत सगळे बुवाच उडाले. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, वैमानिकाचा परवाना मिळवला, साडी नेसून जिप्सी मॉथ उडवत. आणि आपल्या सौदामिनी देशमुख. १९८५ मध्ये कोलकाता-सिलचर फोकर फ्रेंडशिप विमानाच्या त्या कॅप्टन, शेजारी सहवैमानिक निवेदिता भसीन. कॉकपिटमध्ये एकही पुरुष नाही. चाळीस वर्षं झाली याला, तरी ‘लेडीज पायलट’ म्हटलं की लोक अजून वळून बघतात.

सार्जंटकाका

+१. फ्रेंडशिप चालवायला सोपं विमान नव्हतं, आणि सिलचरचं हवामान त्याहून नव्हतं.

चाटीगल्ली

एक साधी शंका. विमानांना अडथळा म्हणून ती विमानतळाजवळची साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली. एवढं हवेत वळता येतं म्हणताय, तर चिमणीला वळसा घालून उतरायचं ना?

सार्जंटकाका

राजकारण बाजूला ठेवून नुसती भूमिती सांगतो. उतरताना विमान साधारण ३ अंशांच्या उतारानं येतं. म्हणजे दर किलोमीटरला ५० मीटरच्या थोडं वर. टेकण्याच्या जागेपासून एक किलोमीटर अलीकडे विमान पन्नासेक मीटरवर असतं, दोन किलोमीटरवर शंभरेक मीटरवर. चिमणी सुमारे ९० मीटर. शेवटच्या टप्प्यात वेग कमी, चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) बाहेर, स्टॉल फार लांब नाही. तिथे वळसे घालायचे नसतात, सरळ यायचं असतं. शिवाय उडताना एक इंजिन गेलं तर उरलेल्या एकावर विमान फार हळू वर चढतं. त्यासाठीही समोरचा पट्टा मोकळा लागतो.

शेंगाचटणी

आणि धावपट्टीवर ते १५ नि ३३ काय लिहिलंय? मला वाटलं फलाट नंबर.

नकाशेवाला

दिशा. शेवटचा शून्य गाळलेला. १५ म्हणजे होकायंत्रावर १५० अंश, आग्नेयेकडे तोंड. तीच पट्टी उलट बाजूनं ३३०, वायव्येकडे. शक्यतो वारा समोरून घेऊन उडायचं आणि उतरायचं, म्हणून त्या दिवशी कुठला नंबर वापरायचा ते वारा ठरवतो.

चला, एक गणित. वारा पश्चिमेकडून, २७० अंशांकडून, २० नॉट. धावपट्टी ३३. समोरून किती, आडवा किती? ज्याला येईल त्याला माझ्याकडून एक पाकीट शेंगाचटणी. आयडीवाली नव्हे, खरी.

माहेरवाशीण

कोन ६० अंश. समोरून २० गुणिले अर्धा म्हणजे १०. आडवा २० गुणिले ०.८७, साधारण १७ नॉट, डावीकडून. पाकीट पुण्याला पाठवा.

नकाशेवाला

अगदी बरोबर. आता पुढचं: तोच वारा, पण वैमानिक १५ नंबरनं उतरायला आला तर?

कडकभाकरी

मी सांगतो सर. आडवा तेवढाच, १७, फक्त उजवीकडून. आणि १० नॉट मागून. पंखाला वेग तेवढाच लागणार, म्हणजे टेकताना जमिनीवरचा वेग ३३ नंबरनं उतरताना असतो त्यापेक्षा २० नॉटनं जास्त. आणि थांबायला पट्टी तीच २१०० मीटर.